जानेवारीचं पाणी

लडाखला पाणी नाही, असं आपण सहज म्हणून जातो. पाण्याचाच अभियंता असूनही पहिल्यांदा लेहजवळच्या फ्यांग गावी गेलो तेव्हा मीही तेच धरून चाललो होतो. लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो, हे खरं. पण भर जानेवारीत ओढ्याकाठी उभं राहा. बर्फाच्या पापुद्र्याखालून पाणी खळखळताना ऐकू येतं. तेव्हा ते कुणालाच नको असतं, सरळ सिंधूला जाऊन मिळतं. जवाची पेरणी एप्रिल-मेची आणि वरच्या हिमनद्या वितळून ओढे भरणार जूनमध्ये. गावाचा जीव टांगणीला लागतो तो या मधल्या दिवसांत.

लडाखी अभियंते चेवांग नोर्फेल यांनी हे कोडं सोडवलं ते साध्या निरीक्षणातून. नळ गोठू नयेत म्हणून लडाखात हिवाळाभर ते वाहते ठेवतात. झाडांच्या सावलीत संथ झालेलं तेच पाणी गोठून साचलेलं त्यांना दिसलं. पाणी मंदावलं की गोठतं! १९८७पासून त्यांनी सावलीच्या घळींत दगडांचे बुटके बांध घालून पाणी संथ केलं. २०१५मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला विचाराल तर हा मान फार उशिरा आला.

त्या घळी गावापासून उंच आणि लांब. २०१३-१४च्या हिवाळ्यात लडाखचेच अभियंते सोनम वांगचुक यांनी बर्फ गावाजवळ आणला, तो उभा रचून. वरच्या ओढ्यातून पुरलेल्या पाइपानं पाणी खाली आणायचं. उतारामुळे आलेल्या दाबानंच ते कारंज्यासारखं वर उडतं. पंप नाही, वीज नाही. हवेत उडालेले थेंब काटक्यांच्या सांगाड्यावर पडून गोठतात आणि बर्फाचा शंकू वाढत जातो. हाच बर्फाचा स्तूप. तेवढंच पाणी सपाट पसरलं तर ऊन त्याला लवकर संपवतं. शंकूचा उन्हाला दिसणारा पृष्ठभाग कमी.

पण बांधात जे हवं, तेच पाइपात घात करतं. फ्यांगला असा स्तूप उभारताना एका रात्री आमच्या पाइपातली धार मंदावली. कारंज्याचा आवाज बसला तशी सगळी तंबूबाहेर धावली. वळणावर बर्फाची गुठळी बसली होती. उकळतं पाणी ओतत, पाइपाचे सांधे सोडवत पहाट झाली. तरणी पोरं थकली, पण गावातल्या आज्या चहाची किटली घेऊन थांबल्या होत्या.

हे स्तूप आटत चाललेल्या हिमनदीची जागा घेऊ शकत नाहीत. आणि वरच्या गावानं पाणी वळवलं की खालचं गाव अस्वस्थ होतंच. म्हणून पाइप पुरण्याआधी दोन्ही गावांची बैठक व्हावी, हा माझा आग्रह असतो. धुळ्याकडच्या फड सिंचन पद्धतीत पाटकरी असतो, तसा तिथे छुरपोन. पाणी कुणाला, किती वेळ, हे तोच पाहतो. मे महिन्यात स्तूपाचं पाणी सोडायच्या सकाळी त्यानं पाटाच्या तोंडचा दगड बाजूला केला आणि न बोलता धारेत हात घालून बसला.