हिंगाच्या डबीतला गहू

हिंगणघाटला धान्याची अडत करणाऱ्या एका घरातील ही कथा. मुलगी एकवीस वर्षांची. शाळेपासून चेहरा पांढुरका, पोट बिघडलेले. लोहाच्या गोळ्या संपत, रक्त मात्र वाढत नसे. सेवाग्रामला रक्ताची खास तपासणी झाली, दुर्बिणीतून लहान आतड्याचे नमुने घेतले गेले आणि निदान हाती आले: सिलिअ‍ॅक. गहू आणि जव यांतील ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची संरक्षक यंत्रणा आतड्याच्या अस्तरावरच उलटते. अन्नरस शोषणारे सूक्ष्म अंकुर झिजतात. यावर औषध नाही. गहू सोडायचा, तोही कायमचा. (संशय आल्याबरोबर आपल्या मनाने गहू बंद केला, तर तपासणीच फसते, आधी तपासणी, मग त्याग.)

ज्याच्या गादीवर रोज गव्हाचे भाव ठरत, तो बाप सुन्न झाला. दादीला मात्र ते फारसे अवघड वाटले नाही. कंदमूळ सोडलेल्या घराला आणखी एक त्याग जड कसा? बाटी गेली, लापसी गेली, खाखरे गेले. गावरान ज्वारीची भाकरी शेटजींच्या ताटात आली.

सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले. प्रतिपिंडे जेमतेम उतरली होती.

मग शोध सुरू झाला. गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी दळली जात होती. आणि हिंग! बाजारातल्या पुष्कळशा हिंगात खरा हिंग थोडा, मैदा किंवा गव्हाचे पीठच अधिक. कांदा-लसूण नसलेल्या स्वयंपाकात हिंगावाचून डाळीला फोडणी पडत नाही, आणि ती फोडणी रोज दादीच्याच हातची. पच्चक्खाणाला आगार असतात, नकळत घडले तर व्रत भंगत नाही. आतड्याला आगार ठाऊक नाहीत. दादी दिवसभर कुणाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी माळ्यावरचे जाते खाली आले आणि डबीत तांदळाच्या पिठाचा हिंग आला.

अन्नातले हे कारण जगाला उमगले तेही धान्याच्या टंचाईतून. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा या व्याधीची मुले सुधारू लागली. बालरोगतज्ज्ञ डिके यांना गव्हाचा संशय पूर्वीपासून होता. १९५०मध्ये त्यांनी प्रबंध लिहून तो मांडला.

वर्षभरात मुलीच्या गालांवर रंग चढला. रक्ताच्या नात्यात हा विकार आढळू शकतो, म्हणून धाकट्या भावाचीही तपासणी झाली. तो निर्दोष निघाला. मग सोयरिकीची बोलणी निघाली. आत्याबाई म्हणाल्या, "परिचयपत्रात हे कशाला लिहायचे? लग्नानंतर सांगता येईल." बापही गप्प राहिला; आलेले स्थळ मोठ्या पेढीचे होते.

दादीने माळ बाजूला ठेवली.

"आणि तोवर त्या घरी हिंगाची डबी कोण बघणार?"

परिचयपत्र त्याच संध्याकाळी पुन्हा टाइप झाले.