ज्यांनी प्रतिमा तुडवली

संत गोन्सालो गार्सियाचं नाव वसईत चर्चला आहे, कॉलेजला आहे, कितीतरी घरांतल्या मुलांना आहे. तरी हा माणूस कोण होता असं विचारलं, की बहुतेक जण 'पाद्री' म्हणून मोकळे होतात. तो पाद्री नव्हता. १५५७च्या सुमारास वसईत जन्मलेला, पोर्तुगीज बापाचा आणि इथल्याच आईचा हा मुलगा जेझुइटांबरोबर जपानला गेला, जपानी बोलायला शिकला, पुढे व्यापारात शिरला आणि शेवटी मनिलात फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. १५९३ साली पेद्रो बाउतिस्ता यांच्याबरोबर तो पुन्हा जपानला गेला तो दुभाष्या म्हणून. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी एका बाजूला, स्पॅनिश धर्मगुरू दुसऱ्या बाजूला, आणि मधे बोलणारा वसईकर.

चर्चचा इतिहास शिकवताना रक्तसाक्षींपाशी आलो की मी जरा सावध होतो. या कथा इतक्या वेळा सांगून झाल्या आहेत की त्यांतला चिखल आणि राजकारण धुऊन गेलं आहे. १५९६च्या ऑक्टोबरात 'सान फेलिपे' हे स्पॅनिश गलबत तोसाच्या किनाऱ्यावर फुटलं. त्यावरचा माल हिदेयोशीने जप्त केला. मिशनऱ्यांच्या मागून आमच्या राजाचं सैन्य येतं, अशी फुशारकी गलबतावरच्या सुकाणूवाल्याने मारली, असं सांगतात. ती खरंच मारली का, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पण हिदेयोशीचा संशय अगदीच हवेतला नव्हता. त्याच शतकात वसई-गोव्यात पोर्तुगीज सत्तेच्या आश्रयाने देवळं पाडली गेली होती, हे वसईच्या माणसाने विसरू नये.

संशयाची किंमत मात्र भलत्यांनी मोजली. क्योतो-ओसाकातून चोवीस जण पकडले गेले. त्यांच्या डाव्या कानाची पाळी कापली, गावोगाव धिंड काढली आणि ऐन थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेलं. वाटेत त्यांची देखभाल करणारे दोघे त्यांच्यातच धरले गेले, म्हणून सव्वीस. त्यांत वीस जपानी. सर्वांत लहान लुईस इबाराकी बारा वर्षांचा. चौदा वर्षांच्या तोमास कोझाकीने वाटेत आईला पत्र लिहिलं. त्याचा बापही त्याच रांगेत चालत होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सगळ्यांना क्रुसांना जखडून भाल्यांनी मारलं. पॉल मिकी हा जपानी जेझुइट क्रुसावरून बोलला. आपण हिदेयोशीला आणि मारणाऱ्यांना क्षमा करतो, असं त्याने जमलेल्या लोकांना सांगितलं. १८६२ साली पोप पायस नववे यांनी या सव्वीस जणांना संतपद दिलं.

मिकीची क्षमा मला त्याच्या धैर्याहून मोठी वाटते. मरणाला न भिणारे लोक सगळ्या धर्मांत आहेत, धर्म न मानणाऱ्यांतही आहेत. पण निव्वळ धैर्यावर आशा बांधली, तर ज्याच्याकडे ते नाही त्याने काय करायचं? आणि जपानमध्ये असेच लोक जास्त होते.

१६१४मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. पुढे नागासाकीत अधिकाऱ्यांनी फुमिए काढलं: येशूची किंवा मारियेची प्रतिमा जमिनीवर ठेवायची आणि एकेकाला तिच्यावर पाय द्यायला लावायचं. दरवर्षी नव्या वर्षाच्या सुरुवातीला घरटी सगळ्यांनी पाय द्यायचा, आजारी माणसांनीही. जे नाही म्हणाले ते मेले. बाकीच्यांनी पाय दिला, घरी आले आणि रात्री प्रार्थना केली. अशा पिढ्यांमागून पिढ्या गेल्या. शुसाकू एन्दोंच्या 'मौन' या १९६६च्या कादंबरीमुळे ही वेदना जगाला कळली. मला मात्र कादंबरीपेक्षा एक लहानसं पुस्तक अधिक महत्त्वाचं वाटतं.

त्याचं नाव 'कोन्चिरिसान नो र्याकु'. १६०३ साली, म्हणजे देशव्यापी बंदीच्या आधी, ते तयार झालं. विषय एकच: पश्चात्ताप. पापांची कबुली द्यायला धर्मगुरू मिळत नसेल तर काय? पुस्तक सांगतं, पश्चात्ताप दोन कारणांनी होतो. एक नरकाच्या भीतीने, दुसरा देवावरच्या प्रेमाने. दुसरा मनापासून झाला, आणि पुढे संधी मिळताच कबुली देण्याचा निश्चय असला, तर क्षमा तिथल्या तिथे मिळते. ही नवी शिकवण नव्हती, चर्चची जुनीच होती. पण धर्मगुरू मारले किंवा हाकलले गेल्यावर या चार पानांच्या आधारावर एक समाज अडीचशे वर्षं तगला. हाताने नकला काढल्या, जिथे ते धोक्याचं होतं तिथे पाठ केलं. सकाळी प्रतिमेवर पाय आणि रात्री हीच प्रार्थना. याला कुणी ढोंग म्हणेल. मी म्हणत नाही. देवाचं प्रेम पायाखालीही टिकतं असं मानल्याशिवाय दुसऱ्या वर्षी पुन्हा त्या रांगेत उभं राहून पुन्हा घरी येऊन गुडघे टेकणं माणसाला जमणार नाही. मृत्यू असो वा छळ, ख्रिस्ताच्या प्रेमापासून आपल्याला काहीच तोडू शकत नाही, असं संत पौलाने रोमकरांना लिहिलं. त्या यादीत माणसाची स्वतःची दुर्बलताही येते, हे मला पौलाच्या कुठल्याही भाष्यकाराने नव्हे, या शेतकऱ्या-कोळ्यांनी शिकवलं.

१७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या नव्या ओउरा चर्चमध्ये उराकामी गावची काही माणसं आली. आमचं आणि तुमचं मन एकच आहे, असं त्यांनी तिथल्या फादर पेतिजाँना हळूच सांगितलं आणि मारियेची मूर्ती कुठे आहे ते विचारलं. ते चर्च त्याच सव्वीस रक्तसाक्षींच्या नावाचं होतं. पण तिथे आलेले लोक रक्तसाक्षींचे वंशज होते, तसेच पाय देणाऱ्यांचेही. त्यानंतरही सुटका नव्हती. उराकामीचे तीन हजारांहून अधिक लोक देशभर हद्दपार झाले, सहाशेहून जास्त तिकडेच मेले. १८७३ साली बंदी उठली, तेव्हा उरलेले परतले. छळाने मोडून श्रद्धा नाकारलेलेही परतले, आणि त्यांतले बरेच पुन्हा मिस्साला येऊ लागले. पुढे या गावाने गावप्रमुखाच्या घराची जागा विकत घेऊन तिथे मोठं चर्च बांधलं. याच घरात दरवर्षी फुमिए होत असे.

९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब त्या चर्चपासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर फुटला. उराकामीच्या सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी साडेआठ हजार गेले. डॉक्टर ताकाशी नागाई यांची पत्नी त्यांत होती. त्याच नोव्हेंबरात मृतांसाठी झालेल्या मिस्सात ते बोलले. या मृत्यूंना त्यांनी देवाला वाहिलेलं होमार्पण म्हटलं. स्वतः किरणोत्सर्गाने आजारी असलेल्या त्या माणसाबद्दल माझ्या मनात आदर आहे. तरी त्यांचं हे म्हणणं मला पटत नाही. बाँब माणसांनी टाकला. देवाला तो हवा होता असं म्हटलं, की टाकणारे सुटतात आणि देव हिदेयोशीच्या रांगेत जाऊन बसतो. प्रेम करणारा देव बळी मागत नाही. मारल्या गेलेल्यांना तो सोडत नाही, एवढंच कोन्चिरिसानच्या त्या पानांवरून मला म्हणता येतं.

२००८ साली नागासाकीत आणखी १८८ जपानी रक्तसाक्षींना धन्य घोषित केलं गेलं. पाय देऊन घरी परतलेल्यांना असा मान कधी मिळणार नाही, आणि नियमाप्रमाणे ते योग्यही आहे. वर्गात मात्र मी सव्वीस जणांची नावं सांगून झाल्यावर ते पुस्तक वाचायला देतो, आणि परीक्षेत प्रश्न त्यावरचाच विचारतो.