एका सेकंदात बॅटरी जागी करताना

२०१९ च्या ९ ऑगस्टला संध्याकाळी पाचच्या सुमारास लंडनच्या उत्तरेला एका वीजवाहिनीवर वीज कोसळली. पाठोपाठ समुद्रातल्या एका मोठ्या पवनप्रकल्पाचं उत्पादन घसरलं आणि गॅसवरचं एक केंद्रही बंद पडलं. ग्रिडची ५० हर्ट्झची वारंवारता ४८.८ वर आली. सुमारे ११ लाख ग्राहकांची वीज आपोआप तोडली गेली. नंतर वीज लवकर आली, पण कितीतरी लोकल गाड्या तंत्रज्ञ येईपर्यंत सुरूच होईनात.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथे अशी घसरण झटपट रोखणारी ‘डायनॅमिक कंटेनमेंट’ ही सेवा सुरू झाली. तेव्हा मी तिकडे बॅटरी प्रकल्पांच्या चाचण्या करत होतो. नियम साधा होता. वारंवारता ०.२ हर्ट्झ सरकेपर्यंत बॅटरीने क्षमतेच्या ५ टक्केच वीज द्यायची, ०.५ हर्ट्झ सरकली की पूर्ण. तीही एका सेकंदाच्या आत.

ग्रिडची वारंवारता आपण म्हणू तेव्हा पडत नाही. म्हणून बॅटरीच्या कंट्रोलरला खोटा आकडा द्यायचा, ४९.५ वगैरे, आणि वीज कधी येते ते बघायचं. आमची वीज आली, पण सेकंद उलटून गेल्यावर. इन्व्हर्टरवाले म्हणाले, कंट्रोलर मंद आहे. कंट्रोलरवाले म्हणाले, इन्व्हर्टर बघा. बाहेर पाऊस, आत कंटेनरमध्ये पंख्यांचा आवाज. दोघांचंही मला खरं वाटायचं.

शेवटी जोडणीच्या ठिकाणी आमचा स्वतंत्र रेकॉर्डर बसवला. सगळ्यांची घड्याळं जीपीएसवर लावली. मग एकाच आलेखात दिसलं, कंट्रोलर हुकूम लगेच सोडत होता, पण इन्व्हर्टरना एकेक करून कळवत होता. पंगतीत वाढपी एकच असला की शेवटच्या पानावर भात उशिरा पडतो, तसं. सगळ्यांना एकदम हुकूम जाईल असं केल्यावर आलेख सरळ उभा राहिला.

मला हायसं वाटलं. तेवढ्यात तपासणीला आलेल्या त्रयस्थ तज्ञांनी विचारलं, खोटा आकडा तुम्ही थेट कंट्रोलरमध्ये टाकता, मग वारंवारता मोजणाऱ्या मीटरचा वेळ कुठे धरला? प्रश्न बिनतोड होता. ५० हर्ट्झला एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. आमचा मीटर दहा आवर्तनांची सरासरी काढत होता, म्हणजे २०० मिलिसेकंद तिथेच जात होते. सरासरी फार कमी केली तर आकडा थरथरतो आणि बॅटरी उगाच हलत राहते. पाच आवर्तनांवर तडजोड केली. कागदावर कुठेच न दिसणारा हा वेळ मला सगळ्यात धोक्याचा वाटतो.

वारंवारता वाढते तेव्हा बॅटरीने वीज शोषायची असते. त्या चाचणीच्या सकाळी बॅटरी जवळपास भरलेली निघाली. रात्रीची स्वस्त वीज कोणीतरी भरून ठेवली होती. ती अर्धी रिकामी होईपर्यंत सगळे चहा पीत बसलो.

भारतात ग्रिडसाठी ४९.९० ते ५०.०५ हा पट्टा ठरलेला आहे, आणि मोठ्या बॅटऱ्या आता इथेही बसतायत. तुमच्याकडे अशी चाचणी आली तर पुरवठादाराचा आलेख घेऊ नका, कच्ची नोंद मागा. बॅटरी निम्मी भरलेली ठेवा. आणि मीटरपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या पूर्ण वेळेला जबाबदार कोण, हे करारातच एका नावावर लिहून घ्या.