अकरांची यादी

आमच्या शाळेंत पहिला जोराचा पाऊस ओसरून मैदान पायाला चिकटेनासें झालें, कीं हॉकीच्या संघाची यादी फळ्यावर लागते. अकरा नांवें आणि खालीं पांच राखीव. ती यादी ठरविण्याचा अधिकार आमचा कधींच नव्हता. आम्ही पडलों मराठीचे शिक्षक. परंतु अक्षर बरें म्हणून फळ्यावर नांवें लिहिण्याचें काम एकदां आमच्याकडे आलें, तें तीस वर्षांहून अधिक काळ आमच्याकडेच राहिलें. क्रीडाशिक्षक बदलले, मुख्याध्यापक बदलले, काळा फळा जाऊन हिरवा आला. यादीची एक नक्कल मात्र आम्ही दरवर्षीं वहींत उतरून ठेवीत आलों. यंदा वार्षिकासाठीं कांहीं लिहावें असा संपादकांचा आग्रह झाला, तेव्हां ती वही काढून बसलों.

नुसतीं नांवें वाचून परक्यास कांहींच कळावयाचें नाहीं. आम्हांस मात्र प्रत्येक नांवामागें एक मुलगा दिसतो. त्याची उंची, त्याची चाल, स्टिक धरण्याची त्याची तऱ्हा. आणि असें पाहूं लागलें म्हणजे मोठी मौज वाटते. कांहीं वर्षें यादींतले सगळे ठेंगणे, कांहीं वर्षें सगळे काटकुळे, तर कांहीं वर्षें सगळे दणकट. जणूं जळगांवांत त्या त्या सालीं त्याच बांध्याचीं मुलें जन्मास येत होतीं! मुलें अर्थातच दरवर्षीं सर्व तऱ्हेचीं होतीं. पाहणाराची दृष्टि तेवढी बदलत होती.

प्रथम ठेंगण्यांचें राज्य होतें, आणि त्याला कारण आमची जमीन. ही काळी कापसाची माती. वैशाखांत तिला अशा भेगा पडतात कीं चेंडू आंत गेला तर हात घालून काढावा लागतो; पावसाळ्यांत त्या बुजतात, पण मैदान सपाट म्हणून कधीं होत नाहीं. दूरवरून दिलेला चेंडू सरळ येईल असा भरंवसाच नाहीं; मध्येंच ढेकळावर उसळतो नाहीं तर एखाद्या खळग्यांत बसून राहतो. अशा ठिकाणीं ज्याची नजर तीक्ष्ण, कंबर वांकलेली आणि मनगट मऊ, तोच खेळाडू. आमच्या पहिल्या क्रीडाशिक्षकांची परीक्षा अगदीं साधी होती. ते पंचवीस पावलांवरून स्वतः दहा चेंडू मारीत. सात अडवील तो संघांत. या परीक्षेंतून निघालेले मुलगे चेंडू स्टिकला चिकटवून नेत. पुष्कळ पाहुण्यांस हा दिमाख वाटे. वस्तुतः दिमाखाचा कांहीं संबंध नव्हता. लांब पास पोंचत नाहीं म्हणून चेंडू स्वतःच पोंचवावयाचा, एवढेंच त्यांतलें शास्त्र होतें.

अकरा वर्षें हें चाललें. मग एका वर्षीं विभागाच्या सामन्यांसाठीं संघ धुळ्यास गेला आणि त्याबरोबर आम्हीही गेलों. गिरणेचा पूल, एरंडोल, पारोळें असें करीत एस. टी. धुळ्यास पोंचली. तेथील मैदान मुरुमाचें, रोलर फिरवून पाणी मारलेलें. चेंडू फरशीवरून जावा तसा सरसर जात होता. आमचे मुलगे चेंडू उसळेल म्हणून वांकून वाट पाहत, तोंवर तो पायांजवळून निघून गेलेला असे. चार गोल झाले, आमचा एकही नाहीं. परततांना गाडींत कोणी बोललें नाहीं. एकानें फक्त, ‘भो, हे मैदान होतं का आरसा?’ असें म्हटलें, त्यावर कोणी हंसलेंही नाहीं.

दुसऱ्या वर्षीं दहा चेंडूंची परीक्षा गेली. क्रीडाशिक्षक हातांत घड्याळ घेऊन मुलांना मेहरूणच्या तलावाच्या कांठानें धांववूं लागले, आणि वहींत काटकुळ्यांचें पान सुरू झालें. पुढल्याच मोसमांत आमचा संघ धांवला चांगला, पण प्रतिपक्षाच्या एका आडदांड बॅकनें शॉर्ट कॉर्नरवर दोन सणसणीत फटके मारून सामना नेला. झालें! त्यानंतर परीक्षा फटक्याची. वसतिगृहांतले रावेर-यावलकडचे, केळीचे घड उचलून खांदे भरलेले मुलगे एकाएकीं संघांत दिसूं लागले. म्हणजे यादी कोण ठरवीत होतें? मागच्या सालचा पराजय यादी सांगे. क्रीडाशिक्षक ती कागदावर घेत आणि आम्ही फळ्यावर.

हें आमच्याच शाळेंत घडतें असें मात्र वाचकांनीं समजूं नये. देशाचा संघ निवडणारांचीही बहुधा हीच गत झालेली दिसते. १९२८ सालीं ॲम्स्टरडॅमला जावयाचा संघ कलकत्त्यास प्रांताप्रांतांचे सामने भरवून त्यांतून निवडला. रेल्वे, तारखातें अशा नोकऱ्यांत हॉकीचा शोक मोठा, म्हणून त्या संघांत अँग्लो-इंडियन खेळाडू बरेच होते. तसलीं कुटुंबें तेव्हां आमच्या भुसावळच्या रेल्वे-वसाहतींतही नांदत होतीं. त्या निवडीमागें कोणतेंही भय नव्हतें, कारण ऑलिंपिकमधील पराजय अजून कोणी पाहिलाच नव्हता. जो चांगला खेळला तो घेतला. संघानें तेथें एकोणतीस गोल केले आणि स्वतःवर एकही होऊं दिला नाहीं. १९३२ च्या वेळीं तर ध्यानचंद यांना पलटणीनें प्रांतिक सामन्यांस जाऊं दिलें नाहीं, तरी परीक्षेवांचूनच त्यांची निवड झाली. असें भाग्य आमच्या वहींत एकाच्याही वांट्यास आलेलें नाहीं.

भय शिरलें तें १९३६ त. बर्लिनला पोंचल्यावर सरावाच्या सामन्यांत जर्मनांनीं आपल्या संघास ४-१ असें हरविलें. सरावाचाच सामना, त्याचें मोल तें किती! पण ध्यानचंद आणि त्यांचे सोबती त्यानें हादरले. ताबडतोब हिंदुस्थानास तार गेली, आणि आधीं संघांत न आलेले अली दारा विमानानें बर्लिनला उतरून उपान्त्य सामन्यास उभे राहिले. अंतिम सामना ८-१ असा जिंकला. दारा आले नसते तर तो गेला असता काय, याचा निकाल कोण देणार? आम्हांस येथें कौतुक एवढ्याचेंच वाटतें कीं, जो मनुष्य यादींत नको होता तो एका पराजयानें विमानांत बसण्याइतका हवा झाला. फाळणीनंतर हेच दारा १९४८ सालीं पाकिस्तानच्या संघाचे कर्णधार होते. त्याच सालच्या आपल्या संघांत, पंजाबचे कित्येक खेळाडू पलीकडे गेल्यामुळें, लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, मॅक्सी वाझ अशीं मुंबईकडचीं नांवें दिसूं लागलीं. तेथें यादी पराजयानें बदलली नव्हती, तर देशाच्या सीमेनें.

परंतु सर्वांत मोठा फेर माणसांनीं केला नाहीं, जमिनीनें केला. १९७५ च्या मार्चमध्यें क्वालालंपूरच्या गवतावर आपण पाकिस्तानला २-१ असें जिंकून विश्वचषक आणला. निर्णायक गोल ध्यानचंदांचे चिरंजीव अशोककुमार यांचा. त्यानंतर सोळाच महिन्यांनीं मॉन्ट्रियलच्या ऑलिंपिकमध्यें हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळविली गेली आणि आपला क्रमांक सातवा आला. मनगटें तींच होतीं, पण उसळणारा चेंडू काबूंत आणण्याची जी विद्या होती तिला तेथें गिऱ्हाईक नव्हतें. चेंडू आपला आपणच सरळ येत होता. आमच्या मुलांना धुळ्याच्या मुरुमावर जें वाटलें असेल, तेंच त्या मोठ्या माणसांना मॉन्ट्रियलला वाटलें असावें. त्यानंतर हळूहळू दम, वेग आणि छातीचा कोट पाहिला जाऊं लागला. पुढें खेळाडू वाटेल तितक्या वेळां बदलण्याची मोकळीक आली, ऑफसाइडचा नियम गेला. तेव्हां तर धांवणारांचीच चलती झाली.

पराजयावांचूनही यादी उलटीपालटी होते, याचा दाखला आमच्या महाराष्ट्रांतलाच आहे. पुण्याजवळच्या खडकीचे धनराज पिल्ले यांनीं १९९८ सालीं कर्णधार म्हणून बत्तीस वर्षांनीं आशियाई सुवर्णपदक घरीं आणलें. आणि लागलीच ते स्वतः व त्यांचे कित्येक सोबती संघाबाहेर झाले. याची मीमांसा आमच्या सिद्धान्तांत बसत नाहीं. बसवण्याचा आम्ही प्रयत्नही करीत नाहीं.

आतां खेळाडूंचा लिलाव होतो. शब्द ऐकून आम्हांस प्रथम कापसाच्या बाजाराची आठवण झाली. पण एक खरें कीं, निवडणाराच्या मनांत काय आहे तें यादीपेक्षां बोलीवरून अधिक स्पष्ट दिसतें. हॉकी इंडिया लीगच्या पहिल्या लिलावांत, डिसेंबर २०१२ मध्यें, सर्वांत मोठी बोली ७८ हजार डॉलर्सची झाली ती सरदारसिंग यांच्यावर. ते मधल्या फळींत उभे राहून सगळा खेळ गुंफणारे. मध्यंतरीं कित्येक वर्षें बंद पडलेली ही लीग पुन्हां उभी राहिली, तेव्हां ऑक्टोबर २०२४ च्या लिलावांत पहिला मान ७८ लाख रुपयांचा, आणि तो हरमनप्रीतसिंग यांचा. ते पेनल्टी कॉर्नरवर चेंडू न ठोकतां स्टिकनें ओढून भिरकावण्यांत निष्णात. त्याच वर्षीं पॅरिसला कांस्यपदकाच्या सामन्यांत स्पेनवर आपले दोन गोल झाले, ते दोन्ही त्यांचेच. अशा विजयानंतर कॉर्नर मारणारास सोन्याचा भाव आला नाहीं तरच नवल. आमच्या मैदानावरही आतां दुपारच्या सुटींत आठवी-नववीचीं पोरें शॉर्ट कॉर्नरच भिरकावीत असतात. चेंडू अडवावयास कोणी उभें राहत नाहीं.

येथें आम्हांस वहींत नसलेलें एक नांव आठवतें. तो जिनिंगजवळच्या वस्तींतला. वडील तेथेंच हमाल. आठवींत असतां थोरल्या भावाकडून तो चेंडू अडवावयास असा शिकला होता कीं दहांतले नऊ सहज अडवी. पण क्रीडाशिक्षक म्हणाले, वय लहान आहे, पुढल्या वर्षीं पाहूं. पुढल्या वर्षीं परीक्षा धांवण्याची झाली. मग तो वर्षभर पहांटे मेहरूणला फेऱ्या घालूं लागला. एकदां थंडींत फिरावयास गेलों असतां आम्हांसच मागें टाकून तो गेला, पायांत वहाण नव्हती. दहावींत गेला तों परीक्षा फटक्याची झालेली. तीन वर्षांत तीन परीक्षा, आणि बिचारा दरवेळीं गतसालच्या परीक्षेची तयारी करून आलेला! त्या शेवटच्या खेपेस यादी लागण्याच्या आदल्या दिवशीं तो शिक्षकांच्या खोलीशीं आला आणि हळूच म्हणाला, ‘सर, यंदा नक्की काय पाहतात हो?’

देशाचा संघ चार वर्षांनीं पुन्हां ऑलिंपिकला जातो. १९७६ चें मॉन्ट्रियल झालें, २००८ त तर बीजिंगचें दारही उघडलें नाहीं, तरी २०२१ सालीं टोकियोहून पदक आलें. संघाला वाट पाहतां येते. शाळेच्या मुलास सतरा वर्षांखालील गटाची मर्यादा ओलांडावयास एक वाढदिवस पुरतो. त्या मुलाच्या हातची विद्या कमी पडली नव्हती. तिचें साल तेवढें चुकलें होतें. आज तो बाजार समितींत हिशेब लिहितो. वाटेंत भेटला कीं थांबून नमस्कार करतो, घरची विचारपूस करतो. हॉकीचें बोलणें तो काढीत नाहीं, आम्हीही काढीत नाहीं.

हल्लीं आमच्याकडे मुलींचाही संघ आहे. त्यांच्यासाठीं कर्णधारांचा दाखला शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं: १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेंत पुरुषांचा संघ पाकिस्तानकडून ७-१ असा हरला आणि त्याचें खापर एकट्या गोलरक्षकाच्या माथीं फुटलें, त्याच स्पर्धेंत आपल्या महिलांनीं सुवर्णपदक जिंकलें आणि त्यांच्या कर्णधार पुण्याच्या एलायझा नेल्सन होत्या. आमच्या संघाचें हें पहिलेंच वर्ष. नव्या क्रीडाशिक्षिका बाईंनीं परीक्षा कांहींच घेतली नाहीं. सूचना लागली, सोळा मुली आल्या, सोळाही नांवें आम्हीं फळ्यावर लिहिलीं. ठेंगणी, काटकुळी, दणकट, सगळ्या एका यादींत. आमच्या वहींत असें पान दुसरें नाहीं. एक जण तर कबड्डी समजून आली होती, ती गोलांत उभी राहिली.

ऑगस्टमध्यें त्या धुळ्यास गेल्या आणि पांच गोलांनीं हरल्या. येतांना पारोळ्याला एस. टी. चहासाठीं थांबली, तेव्हां ती गोलांतली मुलगी आमच्या शेजारीं येऊन उभी राहिली. ‘सर, पुढच्या वर्षी माझं नाव लिहाल ना?’ आम्हीं सांगितलें कीं, यादी बाई करतात, आम्ही लिहितों. तिनें मान हलविली आणि ती गाडींत जाऊन बसली. बाई खिडकींतून बाहेर पाहत होत्या. मांडीवर त्यांची वही उघडी होती, आणि तिच्यांत त्या पेन्सिलीनें कांहीं टिपून ठेवीत होत्या. पुढल्या वर्षाचा कागद अद्याप आमच्याकडे आलेला नाहीं.