एका गुणाची किंमत

खालिद जमीलच्या टीमची मॅच बघून कुणी फुटबॉलच्या प्रेमात पडत असेल, असं मला वाटत नाही. सगळे मागे, बॉल मिळाला की लांब पाठवायचा, आघाडी मिळालीच तर ती जिवापाड सांभाळायची. मित्र याला रटाळ म्हणतात. मला मात्र हा खेळ लगेच कळला. मी मनमाडचा. आमच्याकडे नळाला पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी यायचं. अशा घरात 'अजून किती मिळेल?' हा प्रश्न नंतरचा. आधी, आहे ते सांडायला नको.

खालिदचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला. आखाती युद्धामुळे कुटुंब भारतात आलं आणि तो मुंबईकर झाला. मिडफिल्डर म्हणून महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी आणि भारताकडून खेळला. मोहन बागान आणि ईस्ट बंगालनं बोलावलं तेव्हा तो गेला नाही, कारण दोघांचे स्पॉन्सर दारूच्या धंद्यातले होते. कोच म्हणून मात्र पुढे तो दोन्हीकडे जाऊन आला.

दुखापतींमुळे खेळणं थांबलं आणि २००९ मध्ये, बत्तिशीत, तो मुंबई एफसीचा कोच झाला. बेताच्या पैशातली टीम. सात सीझन त्यानं ती आय-लीगमध्ये टिकवली. ट्रॉफी नाही, पण एकदाही खालच्या डिव्हिजनला घसरण नाही. टिकवणाऱ्याचं कौतुक कोण करतं? मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. सर्व्हर वर्षभर पडला नाही म्हणून कुणी पेढे वाटलेले मी पाहिलेले नाहीत.

२०१६ मध्ये तो मुंबई एफसीतून बाहेर पडला आणि मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेला. हा क्लब आदल्या सीझनला रेलिगेट झालेला. गोव्याच्या क्लबांनी लीग सोडली म्हणून त्याला परत जागा मिळाली होती. खालिदच्या हाताखाली मुंबईत खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहताही तिथे होते.

३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये शेवटची मॅच. ड्रॉ पुरेसा होता. नवव्या मिनिटाला शिलाँग लाजाँगनं गोल केला. दुसऱ्या हाफमध्ये विल्यम लालनुनफेलानं बरोबरी साधली. १-१. ऐझॉल ३७ गुण, मोहन बागान ३६. ईशान्य भारतातला पहिला राष्ट्रीय लीग विजेता एका ड्रॉवर, एका गुणानं ठरला. त्याच टेबलच्या तळाला, शेवटच्या नंबरवर होती मुंबई एफसी. सात वर्षं तो काय करत होता, ते त्या दिवशी टेबल वाचून समजलं.

१ ऑगस्ट २०२५ ला तो भारताचा कोच झाला. तेरा वर्षांनी या जागेवर भारतीय माणूस आला होता. पुढच्याच महिन्यात, काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून टीम तिसरी आली. मग १४ ऑक्टोबरला गोव्यात, फातोर्ड्याला, सिंगापूरविरुद्ध जिंकणं गरजेचं होतं. छांगटेच्या गोलनं आघाडी मिळाली. हाफटाइमच्या तोंडावर ती गेली आणि मॅच १-२ अशी हरलो. एशियन कप हुकला. पुढच्या महिन्यात ढाक्यात बांगलादेशकडूनही हार.

सांभाळून खेळणाऱ्या कोचच्या हातून आघाडीच निसटली, हे मला लागलं. हातचं राखण्यानं टीम टिकते, पण जिंकावंच लागतं तेव्हा ते पुरत नाही, हे मान्य करायला हवं. तरी सगळा हिशोब त्याच्याच नावावर मांडणं मला पटत नाही. त्या वर्षी देशाची सगळ्यात मोठी लीग, आयएसएल, व्यावसायिक कराराच्या घोळात वेळेवर सुरूच झाली नव्हती. धरण कोरडं आणि हंडा आणणाऱ्याला विचारायचं, एवढंसंच का आणलंस?

त्याच्या टीमची मॅच लागली की मित्र अजूनही विचारतात, यात बघण्यासारखं काय आहे. मी सांगतो, शेवटची दहा मिनिटं बघ. बॉल कुणाकडे आहे ते सोड. बॉल गेल्यावर कोण कोण मागे पळतंय, ते मोज.