हनुवटीखालची सावली

फ्रा फिलिप्पो लिप्पीने १४६० ते १४६५ च्या सुमारास रंगविलेल्या, आज फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात असलेल्या मरियेची नक्कल उतरविताना केसांतले मोती, पारदर्शक ओढणी, इतकेच काय, मागचा खडकाळ देखावाही मला आजवर वश झाला. हटून बसते ती एकटी हनुवटीखालची सावली. तैलरंगवाल्यांना हे दुःख कळावयाचे नाही. त्यांचा रंग दिवसभर ओला राहतो, बोट फिरविले की छाया प्रकाशात विरते; अंड्याच्या बलकात कालविलेला रंग मात्र टेकताक्षणी वाळतो, आणि म्हणून हिरव्या मातीच्या अस्तरावर हिंगूळ व सफेदा यांची गुलाबी कांती चढवीत, गालाच्या वळणाबरहुकूम बारीक रेघा एकीशेजारी एक मांडीत जाऊन, जेथे अस्तर उघडे राहावयाचे नेमक्या तेथेच हात आवरावा लागतो. एक रेघ अधिक झाली की कंठ सपाट, एक उणी पडली की देवमाता आजारी!

तरुण मुखासाठी शहरी कोंबडीचा फिका बलक घ्यावा, गावाकडचा तांबूस बलक वृद्धांच्या व सावळ्यांच्या चेहऱ्यांसाठी राखावा, असा दंडक चेन्नीनीने आपल्या चित्रकलेच्या जुन्या पोथीत घालून दिला आहे. बलकाच्या पारखीत मी अजूनही कुणास हार जाणार नाही. परंतु अलीकडे रेघ संपता संपता हात थरथरतो आणि तिचे टोक जाडावते.

तैलरंगात मरिया उरकून वर तपकिरी वार्निश फासणारे, आणि तो मळकटपणाच प्राचीनत्व म्हणून खपविणारे जे कारागीर हल्ली बोकाळले आहेत, त्यांच्याविषयी सभ्य भाषेत बोलणे मला जमत नाही. राफाएलविषयीही माझी तक्रार आहे: त्याच्या मरिया इतक्या निर्दोष की त्यांच्या मानेकडे पुन्हा पाहावेसे वाटत नाही. लिप्पीची मरिया, कपाळ उंच दिसावे म्हणून पुढचे केस उपटण्याची तत्कालीन फ्लॉरेन्सची रीत पाळणारी, चांगली नागर स्त्री आहे. लोकांना मात्र हा संन्यासी चित्रकार लुक्रेझिया बुती नामक जोगिणीच्या नादी कसा लागला, ही चित्रकारांचा चरित्रकार वासारी याने सांगितलेली कथाच ऐकावयाची असते.

माझ्यापाशी शिकणाऱ्या मुलीने परवा गप्पा मारता मारता ती सावली सहज उतरविली. पाहावयास आलेल्या एका जाणकाराने नेमक्या तेवढ्याच तुकड्यावर बोट ठेवून ‘हा खरा तुमचा हात’ म्हटले, तेव्हा ती शेजारीच रंग खलीत होती, आणि मी मान डोलाविली. नव्या फळीवरची ओढणी, मोती, देवदूताचा पंख, सारे मी तिच्या हवाली केले आहे. हनुवटीखालच्या जागेची मुखत्यारी तेवढी सोडलेली नाही. सकाळी लवकर येऊन तेथे रेघा ओढतो, आणि ती येण्याच्या आत खरवडून टाकतो.