बटण दाबण्याआधी

सीटी स्कॅनचं यंत्र तुम्ही पाहिलंय का? भल्यामोठ्या मेदूवड्यासारखं दिसतं, मधे भोक असलेलं! सरकत्या पाटावर झोपलेला पेशंट त्या भोकात जातो, क्ष-किरणांची नळी त्याच्याभोवती गरगर फिरते आणि संगणक शरीराच्या आतली चित्रं तयार करतो. काकडी न कापताच तिच्या चकत्या बघाव्यात ना, तसं! १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्यांदा एका पेशंटच्या मेंदूचा असा स्कॅन झाला. ते यंत्र बनवणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

हे यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञांना शिकवणं हे माझं काम. नवी मुलं-मुली येतात ती बटणाकडे डोळे लावूनच. मी मात्र सुरुवातीला त्यांना बटणाला हातसुद्धा लावू देत नाही. आधी पेशंटशी बोलायला शिका! 'तुम्हीच पाटील ना?' असं विचारायचं नाही. घाबरलेला माणूस कशालाही 'हो' म्हणतो, आणि पाटलांऐवजी पवारांचा स्कॅन होऊन बसतो. 'तुमचं पूर्ण नाव सांगा,' असंच म्हणायचं. बाईंना दिवस गेलेत का, हेही न लाजता विचारायचं.

एवढी काळजी कशाला? छातीच्या साध्या एक्स-रेमध्ये शरीराला सुमारे ०.१ मिलिसीव्हर्ट किरण लागतात. छातीच्या सीटीमध्ये त्याच्या पन्नास-साठ पट, कधी आणखी जास्त. रोग शोधायला डॉक्टरांना सीटी हवा असतो तेव्हा तो करायलाच हवा, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण गरजेपेक्षा जास्त किरण कशाला?

२००९ साली अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात एक भयंकर प्रकार उघडकीस आला. तिथल्या एका रुग्णालयात मेंदूच्या सीटीसाठी यंत्राची मांडणी चुकली होती. ठरल्यापेक्षा सुमारे आठपट किरण जात होते, आणि तेही तब्बल दीड वर्ष! २०६ पेशंट त्यात सापडले. कित्येकांच्या डोक्यावरचे केस गळाले. यंत्राला बिचाऱ्याला काय कळणार? ते सांगाल तेवढे किरण सोडतं. म्हणून माझा दंडक असा, की स्कॅनआधी पडद्यावर दिसणारा किरणांचा आकडा मोठ्यानं वाचायचा आणि मगच बटण. पोरं हसतात. हसू देत.

आणखी एक गंमत सांगते. छातीवर लावायचा टीएलडी बॅज म्हणजे चिलखतच, असं नव्या मुलांना वाटतं. अहो, तो काही अडवत नाही, आपल्याला किती किरण लागले ते नुसतं मोजतो! अडवतात शिशाच्या काचा आणि भिंती.

सगळ्यात अवघड लहान मुलांचा स्कॅन. मोठ्यांसाठीची मांडणी त्यांना चालत नाही, किरण कमी करावे लागतात. शिवाय मूल हललं की चित्र पुसट येतं. मग पुन्हा स्कॅन, म्हणजे पुन्हा किरण! परवा सहा वर्षांचा एक छोकरा रडून गोंधळ घालत होता. माझी एक विद्यार्थिनी त्याला बाहेर घेऊन गेली आणि त्याच्याशी चक्क 'स्टॅच्यू' खेळली. तीन डाव, तिन्ही त्यानं जिंकले! चौथा डाव यंत्रात. एकाच फेरीत स्वच्छ चित्र आलं. पाट बाहेर आला तरी पठ्ठ्या हलेना. शेवटी ती धावत आत गेली आणि म्हणाली, "अरे, ओव्हर!"